गाठ सोडवणारे, गाठ कापणारे

मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते, तेव्हा बाबांची सुती कापडाची मिल बंद पडून वर्ष उलटलं होतं. विणकाम खात्यात ते जॉबर होते. माग बिघडला की पहिली हाक त्यांना. आता छत्रीबागेतल्या आमच्या घरात ते सकाळी आठला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि दिवसभर कुठेच जायचे नाहीत. दोन घरं सोडून शिंपीकाकांचं दुकान होतं. पूर्वी बाबांची रोजची बैठक तिथे. पण काकांकडे पॉलिस्टरचे तागे येऊ लागले आणि बाबांनी तिकडचा रस्ता सोडला. त्यांच्या लेखी मिलची माणसं एकीकडे आणि मिल बुडवणारे दुसरीकडे. काका आपले दुसरीकडे गेले.

त्या सुमारास आम्हाला एक प्रॅक्टिकल होतं. आमच्या मॅडम म्हणायच्या, माणसं पारखायची प्रत्येकाची मापं वेगळी असतात, आणि ती त्याला स्वतःलाही नीट ठाऊक नसतात. ती शोधायची रीत सोपी होती. ओळखीच्या माणसांची कार्डं करायची, त्यातली कोणतीही तीन समोर ठेवायची आणि विचारायचं: यातले दोघं कशात सारखे, तिसरा कशात वेगळा?

घरात रिकामं माणूस एकच होतं. मी बाबांपुढे तीन कार्डं ठेवली. आई, धाकटे काका, शिंपीकाका.

"हा काय खेळ आहे?" बाबा म्हणाले.

"खेळ नाही, परीक्षा आहे. माझी."

मला वाटलं, शिंपीकाकांना बाजूला काढतील. त्यांनी आपल्या सख्ख्या भावाला बाजूला काढलं.

"तुझी आई आणि हा शिंपी, धाग्यात गाठ पडली तर सोडवत बसतात. आपले भाऊसाहेब सीधे कैची मागतात."

मी लिहून घेतलं. पुढची तीन कार्डं मांडली, मग आणखी तीन. दर वेळी मी म्हणायची, आता दुसरं काहीतरी सांगा, आणि फिरून फिरून गाडी गाठीवर यायची. मामा सोडवणारे. माझी आत्या कापणारी. मिलचे मोठे साहेब कापणारे, पण युनियनचा पुढारीही कापणाराच. हे बोलल्यावर बाबा स्वतःच थबकले. "अरे, हे दोघं एकाच ढिगात कसे आले?"

शेवटी एक कार्ड उरलं. त्यावर मी 'स्वतः' असं लिहिलं होतं. ते त्यांनी हातात घेतलं आणि दोन्ही ढिगांच्या मधे धरून ठेवलं.

"पहिले सोडवणारा होतो," ते हळूच म्हणाले. "शिंप्याशी मात्र कापून टाकलं."

आई पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत होती. ती पिठाच्या हातानेच बाहेर आली. "आता मला विचार," म्हणाली. तिचं माप निराळंच निघालं: भूक लागली की सांगणारे आणि भूक लागली की चिडणारे. तिने बाबांचं कार्ड उचलून मुकाट्याने चिडणाऱ्यांत ठेवलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. घरात ते हसणं फार दिवसांनी ऐकलं. मग त्या दोघांनी सगळं गणगोत पुन्हा पुन्हा वाटलं, भांडले, कार्डं एकमेकांच्या हातातून ओढली. माझी वही तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा तयार झाले आणि चपला घालून निघाले. मी गॅलरीतून बघत होते. दुकानात शिलाई मशीन खडखडत होतं.

"आओ भिया," शिंपीकाका मान वर न करता म्हणाले, "इतक्या दिवसांनी?"

"मशीन का रडतंय तुझं?"

"महिना झाला. कोणाला दाखवणार?"

बाबांनी बाह्या दुमडल्या. दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर मशीनचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले आणि दोघांचे हात तेलाने काळे. "मागाचंच पिल्लू आहे हे," बाबा मला म्हणाले. जणू तो शोध त्यांना नुकताच लागला होता.

ते मशीन चालू लागलं, तशी गल्लीतली इतर मशीनं आली. मग कृष्णपुऱ्याकडच्या शिंप्यांचे निरोप येऊ लागले. काकांनी दुकानाचा अर्धा ओटा बाबांना दिला. पॉलिस्टरबद्दल बाबांचं मत काही बदललं नाही. त्यावरून दोघांचा रोज वाद व्हायचा आणि चहा आला की थांबायचा.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी माझी वही चाळून विचारलं, "यांनी सगळं जग एकाच मापाने मोजलंय. हा दोष नाही वाटत तुम्हाला?"

"वाटला होता, सर," मी म्हणाले. "पण त्यांनी ते स्वतःलाही लावून पाहिलं."

निकाल लागला त्या दिवशी बाबा, शिंपीकाका आणि आई एकाच रिक्षात दाटीवाटीने बसून अन्नपूर्णेच्या देवळात पेढे ठेवायला गेले. मला जागाच उरली नाही. मी मागून सायकलने गेले.