मारुतीची माळ आणि नवऱ्याची अंडी

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तेव्हा सासूबाईंनी मारुतीला दर शनिवारी दारच्या रुईची माळ कबूल केली. दारचीच, दुसऱ्याच्या झाडाची चालणार नव्हती. शिवाय पानं अखंड हवीत. सगळं ठीक चाललं होतं. मग नवरा रिटायर झाला आणि त्याला फुलपाखरांचा नाद लागला.

आमच्या रुईवर बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू येतं. ते डॅनाइनी उपकुळातलं, असं मला भाजी निवडताना रोज ऐकवलं जाई. काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके, चिवट कातडी. रुईच्या चिकातलं विष अंगात मुरलेलं, म्हणून पक्षी वाटेला जात नाहीत आणि हे निवांत उडतं. पुढचे दोन पाय आखूड, चालायच्या कामाचे नाहीत.

"कुणाचं भ्या नाय अन् पाय असून चालायचं नाय," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "तुझाच भाऊबंद दिसतो."

एका शुक्रवारी बघितलं तर त्याच्या अळ्यांनी झाडाची चाळण केलेली. अखंड पानं जेमतेम माळेपुरती उरली होती. त्यातल्या काहींच्या खाली अंडी आहेत, हे नवऱ्यानं मोठ्या आनंदानं जाहीर केलं.

"मारुतीच्या गळ्यात अंडी? शनिवारी?"

आमच्याकडे शनिवारी ऑम्लेटसुद्धा होत नाही.

"पुसून टाक की."

"आई, मरतील ती!"

"मग तेवढं कापून काढ."

"कापलं की पान फाटलं," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघू लागले. अंड्यांची टोकं काळी पडली होती, म्हणजे ती फुटायला आलेली. मी नवऱ्याला सांगितलं, अळी निघाली की ब्रशनं उचलून फाटक्या पानावर ठेवा, अखंड पान आईंना द्या. तो भिंग, स्टूल आणि माझा आयब्रोचा ब्रश घेऊन झाडाखाली बसला.

शनिवारी सकाळी एक पान सोडून माळ ओवून झाली. सासूबाई अंघोळ करून सुईदोरा घेऊन उभ्या.

"व्हय रे, निघतंय का नाय? देवळात लई गर्दी व्हईल."

"आई, तिला घाई करता येत नाही."

"तुलाबी जल्मताना येत नव्हती."

अखेर अळी निघाली. निघाल्या निघाल्या मागं वळली आणि अंड्याचं कवच खाऊन टाकलं. नवऱ्यानं तिला उचलल्यावर सासूबाईंनी पान तोडून उलटंपालटं करून भिंगातून तपासलं. कशाचाही मागमूस नव्हता.

"शहाणी हाय," पान ओवत त्या म्हणाल्या. "जल्मली अन् आपलं उष्टं आपण आवरलं. तुला साठीतबी ताट उचलता येत नाय."

दुपारी नवऱ्यानं ताट उचललं. बेसिनमध्ये ठेवलं. घासलं मीच.