वारसाचा अर्ज आणि पोळ्याचा मान

अमेरिकेत कोण कोणाशी लढत आहे हे आमच्या वऱ्हाडात फार थोड्यांना ठाऊक होते. पण त्या लढाईमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. मुंबईचे दलाल अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांभोवती असे घुटमळत, की नवख्याला वाटावे, मुलगी पाहायला आले आहेत.

त्या वर्षांत माणसे पूर्वीइतकीच मरत होती, पण मेलेल्यांचे नातेवाईक फार वाढले होते. ज्या शेताकडे आधी कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्या शेताचा मालक गेला की तेराव्याच्या आत तीन चुलत आणि एक मावसभाऊ वारस म्हणून उभे राहत. ते सगळे अकोल्याच्या कचेरीत येत, आणि मी त्या कचेरीच्या दप्तरखान्यात कारकून होतो.

वारसाचा दाखला मिळवण्याची रीत साधी होती, म्हणजे कागदावर साधी होती. स्टांपावर अर्ज द्यायचा. मग गावच्या चावडीवर जाहीरनामा लागे आणि दवंडी पिटली जाई, की अमका मेला, अमकी त्याची वारस म्हणवते, कोणाची हरकत असल्यास हजर व्हावे. हरकत नसेल असे त्या काळात सहसा होत नसे. मग सुनावणी, आणि सुनावणीला जुने कागद काढून देणे हे माझे काम.

हे कागद गावाच्या नावाने लाल रुमालांत बांधून फळ्यांवर लावलेले असत. तसे ते मी लावले होते. माझ्या आधीचा कारकून वर्षवार लावीत असे, आणि वर्ष फसली धरावे की इसवी याविषयी त्याचे मत दर पावसाळ्यात बदले. लोकांना वर्ष आठवत नाही, पण आपले गाव कोणी विसरत नाही. एका साहेबाने माझी ही मांडणी पाहून 'ठीक आहे' असे म्हटले होते. साहेब लोक इतके बोलले की खालच्या माणसाने तो दरबारातला मानाचा पोशाख समजावा अशी तेव्हा पद्धत होती. मी तो पोशाख अंगावर घेऊन पुष्कळ दिवस हिंडलो.

बार्शीटाकळीच्या बाजूच्या एका गावातून एका कुणबी विधवेचा अर्ज आला. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा तापाने गेला होता. मूलबाळ नव्हते. तिच्या थोरल्या दिराने, आमच्याकडे त्याला भासरा म्हणतात, हरकत घेतली होती. निकाल होईपर्यंत कोणी कापूस वेचू नये असा हुकूम झाला होता. शेतात बोंडे फुटून पांढरी झाली होती, वारा सुटला होता, आणि कापसाच्या वाती जमिनीवर गळत होत्या. बाई नाही जिंकली तर शेतही गेले आणि कापूसही. भासऱ्याच्या घरी दोन वेळची भाकर आणि वर्षाला लुगडे, इतकेच तिच्या वाट्याला येणार होते.

प्रश्न एकच होता: भाऊ एकत्र होते की वेगळे? एकत्र असताना एक भाऊ गेला तर त्याचा वाटा उरलेल्या भावाकडे जातो. वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ मूल नसता गेला तर वारस त्याची बायको. धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांत यावर पानेच्या पाने आहेत. ती वाचून मला एवढेच कळले होते, की जुन्या काळीही भाऊ असेच होते.

मी त्या गावचा रुमाल सोडून कागद न् कागद पाहिला. बापाचे नाव होते, त्याखाली थोरल्याचे. वाटणीपत्र नव्हते. असणार कुठून? आमच्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा नवी चूल मांडतात, बैल वाटून घेतात, शेतात धुरा म्हणजे बांध घालतात आणि त्यावर कागद म्हणून काही करीत नाहीत. पाटलाची साक्ष झाली. त्याने दोन्ही बाजूंच्या सगळ्या प्रश्नांना 'व्हय' म्हटले.

सुनावणीच्या दिवशी भासरा नवे जरीचे पागोटे बांधून आला. ते एवढे मोठे होते की दारातून येताना त्याला वाकावे लागले, आणि निकाल देणाऱ्या हाकिमांना वाटले हा फार नम्र माणूस आहे. त्याने नागपूरचा वकील केला होता. वकील शाल पांघरून होता आणि बोलताना निम्मे फारसी शब्द वापरी. बाईचा वकील नव्हता. ती दाराच्या चौकटीशी, भासऱ्याकडे पाठ करून, तोंडावर पदर ओढून उभी राहिली. आमच्याकडे बाई भासऱ्याला तोंड दाखवीत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. तिला जे सांगायचे ते हाकिमांनाच सांगावे लागणार होते. हाकीम पुण्याकडचे, मोठे सभ्य गृहस्थ. वऱ्हाडी कानावर पडली की त्यांना कोणी अंगावर धावून आल्यासारखे होई. म्हणून मला जवळ बसवून घेत.

"धाकट्याची चूल वेगळी होती, असे अर्जात आहे," हाकीम म्हणाले.

"असन हुजूर," भासरा म्हणाला. "बायाबायाचं पटत नाई, त्याले आमी काय करावं? चुली दोन झाल्या म्हून घर दोन होते काय?"

हाकिमांनी माझ्याकडे पाहिले. मी अर्थ सांगितला. शब्द फारसे बदलावे लागले नाहीत, थोडे मऊ करावे लागले. उत्तर चांगले होते. वकिलाने शाल सारखी केली आणि हाकिमांनी लेखणी उचलली.

तेवढ्यात पदराआडून आवाज आला. "सायेब, त्यायले इचारा, औंदा पोयाले पाटलाच्या जोडीमागं कोनाची जोडी उभी होती. माहं म्हननं, आमच्या घरची होती. साऱ्या गावानं पायलं."

भासऱ्याने पागोटे दोन्ही हातांनी धरले. "कोनाच्या घरची? हुजूर, हे बाई सपशेल खोटं बोलून राहिली! पाटलामागं माही जोडी होती. बापापासून मान हाये माहा. चांदीच्या शेंब्या होत्या माह्या बैलाच्या शिंगायले!"

"मंग आमचे बैल कुठं होते, इचारा त्यायले."

"मागं! लय मागं! माळ्याच्या जोडीच्या बी मागं!" भासरा हाकिमांकडे वळला. "हुजूर, त्यानं आपल्या घरून वेगळा निवद आनला, आपल्या हातानं बैल धरले, आन् म्हने, मले दादाच्या बरोबरीनं उभं राहू द्या. मी राहू देतो काय? म्या साफ सांगतलं, तुह्या घराले मान नाई. मान माह्या घराचा!"

वकिलाने त्याची बाही ओढली.

"थांबा हो वकीलसायेब," तो म्हणाला, "हे मानाची गोष्ट हाये. तुमाले नाई समजत."

हाकिमांनी मला विचारले, हे काय प्रकरण आहे? मी सांगितले. पोळ्याला गावाच्या तोरणाखाली बैल मानाने उभे राहतात, पाटलाची जोडी आधी आणि मग पिढीजात ठरलेल्या क्रमाने बाकीच्या. एका घरी कितीही जोड्या असोत, त्या घरकर्त्याच्या मागे एकाच जागी राहतात आणि त्यांचा नैवेद्य एकच येतो. भाऊ वेगळा झाला की त्याची जोडी वेगळी, नैवेद्य वेगळा, आणि मान थोरल्याकडे राहतो. धाकट्याने शेवटी उभे राहायचे. गावात यावरून डोकी फुटलेली आहेत.

हाकिमांना वऱ्हाडी कळत नसेल, पण कायदा चांगला कळत होता. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली आणि फार गोड आवाजात विचारले, "म्हणजे तुमचे घर वेगळे आणि त्याचे घर वेगळे?"

"वेगळं म्हंजे?" भासरा छाती काढून म्हणाला. "जमीन-अस्मानाचा फरक, हुजूर!"

वकिलाने डोळे मिटले. हाकीम लिहू लागले. त्यांच्या लेखणीचा आवाज बराच वेळ चालला, तेव्हा कुठे भासऱ्याच्या ध्यानात आले की आपण काहीतरी दिले. काय दिले ते वकिलाने त्याच्या कानात सांगितले.

पदराआडून पुन्हा आवाज आला. "सायेब, त्यायले सांगा, मान त्यायचाच हाये. मी उगाच म्हटलं. मले कापूस पुरे."

पट्टेवालासुद्धा हसला. हसताना कचेरीच्या पट्ट्याचा मान राखायचा म्हणून त्याने तोंड भिंतीकडे केले होते.

निकाल बाईच्या बाजूने झाला. वकील अपील करा म्हणत होता. पण अपिलात आधीचे म्हणणे फिरवायचे, तर दोघांचे घर एकच होते, धाकट्याची जोडी मानाने आपल्याच बरोबरीची होती, हे भासऱ्याला गावासमोर कबूल करावे लागले असते. शेत गेलेले त्याने सोसले. हे त्याच्याने सोसवले नसते.

पुढे कितीतरी गावांतून लोक त्या निकालाची नक्कल मागायला येत. वर्ष कोणाला सांगता येत नसे. "पोयावाला कागद द्या" म्हणत, आणि मी गावाचा रुमाल उतरवून त्यांना वाट पाहायला न लावता देत असे. वारसाच्या प्रकरणांत 'पोळ्याला बैल वेगळे उभे राहत काय?' हा प्रश्न त्या कचेरीत नेहमी विचारला जाऊ लागला. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात तो नव्हता. कागदावाचून वाटण्या करतात म्हणून आमच्या लोकांना अडाणी म्हणणारे अंमलदार मी पुष्कळ पाहिले. पुढे तेच अंमलदार साक्षीदाराला गंभीर चेहऱ्याने बैलांविषयी विचारीत, आणि मी शेजारी बसून ते नीट अक्षरात उतरून घेई. नोकरीत मला दोनदा बढती मिळाली; तिचे एवढे वाटले नाही.

दाखला न्यायला बाई एकटीच आली. दाखला दिला की पोच लिहून घ्यावी लागते आणि लिहिता न येणाऱ्याची निशाणी काढावी लागते, पुरुषाचा नांगर, बाईची बांगडी. अर्जावर अर्जनवीसाने तशी बांगडी काढलेली होती. मीही हात सवयीने गोल फिरवू लागलो.

"हे काय काढून राहिले भाऊ तुमी?"

"बांगडी. बाईची निशाणी तीच असते."

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटे उघडी होती. "कुठं हाये? अर्जावर काढली तवा कोनी इचारलं नाई. शेत आता माह्या नावानं झालं ना?"

"झालं."

"मंग नांगर काढा."

बाईने नांगर काढू नये असे कुठल्या नियमात आहे का, ते मी मनातल्या मनात शोधले. आठवले नाही. नवा कागद घेतला, पोच पुन्हा लिहिली आणि खाली नांगर काढला. तिने वाकून पाहिले.

"रुमनं वाकडं झालं. नीट काढा."

मी ते खोडून दुसरा काढला, फाळ, दांडी, हाती धरायचे सरळ रुमणे. तिने मान हलवली, दाखला पदराच्या शेवात बांधला, आणि वेचणीला बाया सांगायच्या आहेत म्हणून तशीच निघून गेली.