पिवळ्या मोज्याचा हात

शेलूबाजारला तेव्हा बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा लागायचा. पडदा मधोमध. पुढून पुरुष बघायचे, मागून बायका. आम्हाला ते चालत होते.

त्या वर्षी मला आठवा महिना होता. सासू वारलेली, माझ्या आईला डोळ्यांनी दिसत नव्हते. घरची बाई म्हणजे एक थोरली जाऊ, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. वाटणीत जाते आमच्याकडे आले, तेव्हापासून ती दळायला दुसऱ्यांच्या घरी जाई. सुईण येईल, नाळ कापून जाईल. पुढचा शेक, न्हाणे कोण करणार, हा माझ्यापुढे प्रश्न होता.

सिनेमाला आम्ही एकाच बैलगाडीत गेलो, तोंडे दोन दिशांना. तंबूत दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती माझ्या शेजारी बसली. सिनेमा जपानी निघाला. रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली, आता हाच बघा, असे तंबूवाला म्हणाला.

पैसे घेऊन माणसे मारणारे दोघे, आणि त्यांना एकमेकांनाच संपवायचे होते. कपडे नवरदेवासारखे. एकाच्या एकाच हातात पिवळा हातमोजा. एका खोलीत छताला पांढऱ्या छत्र्या टांगलेल्या, खाली पाऊस पडतोय, आणि हे दोघे समोरासमोर बसून टरबूज खाताहेत. का, ते कोणी सांगितले नाही. खाली अक्षरे येत, पण ती इंग्रजी. मी चौथी शिकलेली. शेवटी मोजेवाल्याने त्याच हाताने दुसऱ्याला गोळी घातली.

सकाळी अंगणात नवरा म्हणाला, "उजव्या हातानं काय नेम धरला त्यानं!"

"डाव्या," मी म्हटले.

"उजव्या. तुले काय समजते? झोपली असशीन."

"मोजा डाव्या हातात होता. माह्या डोयानं पाह्यलं."

"पुरा तंबू उजवा म्हन्ते अन् हे एकटी डावा."

पलीकडे जाऊ गोवऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटी कायची? डावाच होता, भाऊजी. मी बाजूलेच बसली होती. तुमी बिड्या ओढत असान."

नवरा हसायला लागला. "वहिनी, तुमी पडद्याच्या मांगं होत्या. तुमाले समदं उलटं दिसलं. खालची अक्षरंबी उलटीच असतीन."

इंग्रजी अक्षरे उलटी की सुलटी, आम्हाला काय कळणार?

"असन," जाऊ म्हणाली. "आमाले डावाच दिसला."

हात धुऊन ती घरात गेली आणि ज्वारीची टोपली घेऊन आमच्याकडे आली. जात्याशी बसली. मी समोर बसून खुंट्याला हात लावला, तर म्हणाली, "तू ओढू नको. नुसते दाने टाक."

थोडे पीठ पडल्यावर तिने विचारले, "ते टरबूज कायले खात होते वो?"

"मले नाही समजलं."

"मलेबी नाही."

मुलगी झाली. शेक जावेनेच दिला, न्हाऊही तिनेच घातले, आणि पाणी फार कढत घेई. जाते मात्र आमच्याकडेच राहिले.