चारी बाजूंनी बांधलेलं गाव

सिनेमाच्या सेटला पाठ नसते. हे माहीत नसलेल्या माणसाला सेट दाखवायला नेलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढून पाहावं तर दुमजली घर, सज्जा, खिडकीत तुळस. मागे जावं तर बांबू, प्लायवूड, खिळे आणि कुणीतरी पिऊन टाकलेले चहाचे कप. कॅमेरा जिथे जाणार नाही तिथे एक खिळासुद्धा मारायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले, त्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात एका भिंतीची मागची बाजू रंगवताना पकडलं होतं. सगळ्या युनिटसमोर त्यांनी विचारलं, की ही बाजू तू सासरच्या माणसांसाठी रंगवते आहेस का? माझं तर लग्नही झालेलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवायला गेले नाही.

त्याच सरांनी काही वर्षांनी मला जवळ बोलावून सांगितलं, ‘या वेळी पाठसुद्धा बांध.’ तेव्हा मला काय वाटलं ते आता सांगायची लाज वाटते. मला वाटलं, आपण मोठे झालो.

सिनेमा एका व्हिडिओ गेमवरून निघणार होता. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मुंबईत सगळ्यांना काहीतरी नवीन करायची खाज सुटली होती. एक मुलगा गेममध्ये ओढला जातो आणि एकेक जग पार करत बाहेर येतो, अशी ती गोष्ट. गेम जुन्या वळणाचा होता. त्यातलं सगळं चौकोनी. झाडं चौकोनी, ढग चौकोनी, चरणाऱ्या मेंढ्यासुद्धा चौकोनी.

हा गेम मी नव्वदीत दौंडला पाहिला होता. पाहिला म्हणते, कारण खेळले कधीच नाही. स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मुली जात नसत. पण त्याला लागूनच पिठाची गिरणी होती आणि आमच्या घरचं दळण माझ्याकडे होतं. डबा नंबराला लावायचा आणि पार्लरच्या दारात उभं राहायचं. आत पोरांचं सगळं लक्ष हिरोच्या उड्यांकडे असायचं. माझं लक्ष त्याच्या मागच्या झाडाकडे. त्या झाडामागे काय असेल, त्या घराला परसदार असेल का, हेच माझ्या डोक्यात चालायचं. गेममध्ये मागे वळता यायचं नाही, पडदा आपला पुढेच सरकायचा. मी घरी पीठ सांडत यायचे आणि बोलणी खायचे.

तर सरांनी त्या सिनेमातलं पहिलं जग, म्हणजे गेम सुरू होतो ते झोपलेलं गाव, माझ्यावर सोपवलं. मुंबईतल्या मीटिंगमध्ये सगळे परदेशी चित्रं घेऊन बसले होते. मी म्हटलं, चौकोनी गाव शोधायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्याकडे भीमेच्या काठानं वीटभट्ट्या आहेत. विटांचे थर रचून ठेवलेले असतात, ते पाहा. कडब्याच्या गंजी पाहा. दिग्दर्शकाला ते पटलं. सरांनी टेबलाखालून माझ्या हातावर थोपटलं. मी त्या हातावरून जीव ओवाळून टाकला असता, खोटं कशाला बोलू.

जागा मामांनी दिली. माझ्या आईचं माहेर कासुर्डीच्या पुढे, रस्त्यापासून आत, वस्तीवर. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरंच होती. आजोबा पावसाळा सरला की शिरूरच्या माळांवरून कळप घेऊन लांब जायचे. मामांनी शेती धरली, ऊस लावला, पण थोडी मेंढरं ठेवलीच. मामी म्हणायची, ह्यांना मेंढरांचा वास आल्याशिवाय झोप येत नाही. त्यांचा रस्त्याच्या बाजूचा मुरमाड तुकडा पडून होता, तिथे माझं गाव उभं राहिलं.

आणि काय उभं राहिलं! मी स्वतःचं कौतुक करत नाही, जे होतं ते सांगते. भाजलेल्या विटांची घरं, प्रत्येक घराला चार भिंती, मागे परसदार, परसदारी चौकोनी तुळशीवृंदावन. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट ताणून चौकोनी झाडं केली आणि त्यांना हिरव्या रंगाचे तीन हात दिले. पत्र्याचे ढग केले, तेही दोन्ही बाजूंनी रंगवले. कुरकुंभच्या कंपनीत पाळी करून आलेली वस्तीवरची पोरं संध्याकाळी विटा उचलायला यायची. रस्त्यावरून एसटीतली माणसं माना वळवून बघायची. दारातून उभ्या उभ्या पाहिलेल्या त्या झाडामागे मी आता खरोखर चालत जात होते. इतकं सुख मला नंतर कुठल्याच कामात मिळालं नाही.

राहता राहिल्या मेंढ्या. मी मामांना भीत भीत विचारलं, की मेंढरं चौकोनी करता येतील का?

“बरी हायेस न्हवं तू?” मामा म्हणाले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, की दिवाळीची कातरणी या वर्षी करत नाही, लोकर वाढू दे, मग बघू. आपल्याकडच्या मेंढीची लोकर ती काय, आखूड आणि राठ. पण मामांनी ती वाढवली आणि मग एकेकीला धरून पाठ सपाट, कुशी सपाट अशी कातरली. चौकोनी म्हणजे अगदी चौकोनी नव्हे, ट्रंकेला पाय फुटावेत तशी. वस्तीवरचे लोक हसून हसून बेजार झाले. शेजारच्या आप्पांनी तर मामांना विचारलं, की आता बैलाला गोल करणार का?  मामा रोज एकदा त्या मेंढरांना विटांच्या गल्लीतून चालवून आणायचे, सवय व्हावी म्हणून. सिनेमात गल्लीतून मेंढरं नेणारा म्हातारा तेच होणार होते. सरांनीच त्यांना तसं सांगितलं होतं.

सर चार-पाचदा येऊन राहिले. मामीच्या हातचं मटण आणि बाजरीची भाकरी खाल्ली. मामा त्यांना ‘पाव्हणं’ म्हणायचे आणि खाट त्यांना देऊन स्वतः खाली झोपायचे. निघताना मामांनी त्यांच्या अंगावर घोंगडी घातली. आमच्यात घोंगडी अशी कुणालाही देत नाहीत, घरचा मानलेल्यालाच देतात. सरांनी ती हसून घेतली.

मग शूटिंग झालं. युनिट मला वाटलं त्यापेक्षा बरंच छोटं होतं आणि हिरोच्या जागी त्याच्या अंगकाठीचा दुसराच मुलगा होता. सर म्हणाले, हिरोच्या तारखा मिळाल्या की जवळून घेऊ. मुंबईहून आलेले दोन इंजिनीअर घरांच्या मागे-पुढे फिरून एकेका भिंतीचे फोटो काढत होते. फोटो काढताना त्यातला एक जण हातात चकचकीत स्टीलचा गोळा धरून उभा राहायचा. मामीची खात्री पटली, की हे दृष्ट लागू नये म्हणून आहे, आणि तिला तो माणूस फार आवडला. मामांना पांढरं धोतर, लाल पागोटं दिलं. कॅमेऱ्यासमोरून मेंढरं घेऊन ते इतक्या वेळा चालले, की शेवटी मेंढरंच त्यांना नेऊ लागली. चौथ्या दिवशी सरांनी सांगितलं, काम झालं, सेट मोडा. विटा ट्रकमधून भट्टीवर परत गेल्या.

पुढचे काही महिने मी दुसऱ्या कामांवर होते. एकदा सरांनी स्टुडिओत बोलावलं, म्हणाले, ये, आपलं गाव बघ. छोट्या खोलीत आम्ही पाच-सहा जण बसलो आणि पडद्यावर गाव आलं.

ते माझंच गाव होतं. कोपरा उडालेली वीटसुद्धा जागच्या जागी. तीच परसदारं, तीच तुळस. पण त्यात एकही खरी वीट नव्हती. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, घासूनपुसून गुळगुळीत. हिरो त्यातून पळत होता आणि तो मुंबईत हिरव्या पडद्यापुढे पळाला होता, गाव त्याच्यामागे नंतर चिकटवलं होतं. गल्लीतून चौकोनी मेंढ्या गेल्या, अगदी नेमक्या चौकोनी, काटकोनात. त्यांच्यामागे कुणीही नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पुन्हा माझ्या हातावर थोपटलं. मी हात काढून घेतला.

बाहेर पॅसेजमध्ये मी विचारलं, की हे कधी ठरलं? सर म्हणाले, पहिल्यापासून. गाव कॉम्प्युटरवरच व्हायचं होतं. त्या लोकांना नमुना हवा होता, विटेवर ऊन कसं पडतं (तो गोळा त्यासाठीच), घर मागून कसं दिसतं. म्हणून चारी बाजू. दिग्दर्शकाला माहीत होतं, कॅमेरामनला माहीत होतं, गोळा धरणाऱ्यालाही माहीत होतं.

“मला का नाही सांगितलंत?”

मला शिकवतानाही कधी बोलले नव्हते इतक्या मायेनं सर बोलले. “सांगितलं असतं, तर तू मागच्या भिंती एवढ्या जीव ओतून बांधल्या असत्यास?”

“बांधल्या असत्या, सर. ते माझं कामच होतं. पण मामांना कॅमेऱ्यापुढे उगाच चालायला लावलं नसतं.”

“मेंढ्या कशा चालतात ते बघायचं होतं त्यांना. माणसाशिवाय त्या चालत नव्हत्या.”

हे ते सहज म्हणाले, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मला वाटतं माझा संताप त्यावरच जास्त आहे, अजूनही. गाव नकली होतं याचा राग नाही. आमचा धंदाच नकली गावं बांधायचा आहे. पण नकली काय आणि कुणासाठी हे बांधणाऱ्याला माहीत असतं, तेवढाच त्यातला प्रामाणिकपणा. माझ्याकडून तेवढंही काढून घेतलं गेलं, आणि काढून घेणारा आमच्या घरचं मीठ खाल्लेला माणूस होता. दहा वर्षं ज्याला गुरू म्हटलं त्यानं मला सेटच्या पुढच्या बाजूला उभं करून ठेवलं होतं. त्या दिवसानंतर मी त्यांच्याकडे काम केलं नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. मी उलट निरोपही पाठवला नाही.

मामांना मात्र सांगायला हवं होतं. सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीनं मी कासुर्डीला उतरले आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मामा, तुमचं काम सिनेमात नाही. मेंढरंही नाहीत, आहेत ती कॉम्प्युटरची आहेत. मामी मध्येच उठून चुलीकडे गेली. 

“कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू हुता,” मामा म्हणाले. “म्या सोता बघितला.”

“दिवा चालू होता, मामा. पण ते त्यांनी वापरलं नाही.”

“एवढं बांधलेलं कुणी टाकून देतं व्हय? तुला कुणीतरी येडं बनवतंय, पोरी.”

मी आणखी एकदा सांगितलं. मामांनी तंबाखू मळली, पाण्याचं, उसाचं बोलायला लागले. मी जास्त ताणलं नाही. सांगायचं ते दोनदा सांगून झालं होतं.

सिनेमा दौंडच्या टॉकीजला लागला तेव्हा मामांनी टेम्पो केला. अख्खी वस्ती आली, चेष्टा करणारे आप्पासुद्धा. मामा धुतलेलं धोतर नेसून आले होते. मला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. कॉम्प्युटरची मेंढरं गेली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, की ती बघा तुमची. मामा मागे वळून म्हणाले, की ही चित्रं हायेत, गप बसा. मी अंधारात त्यांच्याकडे बघत होते. ते पडद्यावरची नजर काढत नव्हते. मध्यंतर झालं तरी बाहेर आले नाहीत, मामीनं वडा आणून हातात दिला तो तसाच धरून बसले.

सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली, तेव्हाच दिवे लागले आणि दारं उघडली. वस्तीवरची माणसं एकमेकांकडे न बघता उठली आणि टेम्पोकडे निघाली.  मामी दोन रांगा पुढे जाऊन थांबली. झाडूवाला खुर्च्या आपटत आमच्या दिशेनं येत होता. मी मामांच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, चला.

मामांनी माझा हात धरून मला खाली ओढलं.

“बस की,” ते म्हणाले. “आपलं यायचंय अजून.”

मी बसले.