मामांचं शिंगखत

आमच्या घरमालकांइतक्या आदराने केळ्याच्या सालीकडे पाहणारा माणूस उभ्या चेन्नईत दुसरा नसेल. ओरगडमच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने घामाघूम होऊन अंबत्तूरला पोचावं, तर फाटकातच ते विचारणार, "केळं खाल्लंस कां? मग साल कुठें?" आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तंजावरकडचे मराठी, गणिताचे निवृत्त मास्तर; पण परसातल्या खताच्या ढिगापुढे त्यांचं गणित पंचांगाला शरण जाई. चंद्र पाहिल्याशिवाय ढिगाला हात लावायचा नाही. एकदा माझ्या बायकोने भलत्याच तिथीला भाजीची देठं टाकली, तर मामांनी ती एकेक वेचून ताटलीत घालून परत आणून दिली. वर अदबीने म्हणाले, "परवां द्या हं."

या सगळ्या खटाटोपाचं मूळ होतं परसातला कढीपत्ता. मामींनी लावलेला. मामी गेल्या आणि तोही फांदी-फांदीने वाळू लागला. त्याला वाचवायला मामांनी गाईच्या शिंगात शेण भरून ते थंडीभर जमिनीत पुरलं होतं. चेन्नईत थंडी म्हणजे पंखा एका आकड्याने कमी, पण ते असो. ते खत चिमूटभर घेऊन बादलीभर पाण्यात तासभर ढवळायचं, भोवरा पडला की मोडून उलट फिरवायचं आणि मग झाडाला घालायचं. दर शनिवारी, संध्याकाळी.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. मामांचा जीव झाडात अडकलेला. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मोडीतल्या वायपरची मोटर मी बादलीवर बसवली, दिशा आपोआप बदलण्याची सोयही केली, आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. काळ्या चष्म्यातून मामांनी बराच वेळ पाहिलं आणि बटण बंद केलं.

"नक्को रे. हें बोलतें कां कोणाशी?"

"बोलायचं कशाला, मामा?"

"ढवळतांना मी तुझ्या मामीला दिवसभराचं सांगतों."

मी मोटर काढली, मामांची ढवळायची काठी घेतली. मामा पायरीवर बसले. "सेरी, बरं, आतां बोल."

मी मामींना पाहिलंही नव्हतं. काय बोलणार?

"डब्यांत काय होतं, तें सांग. ती पहिलं तेंच विचारायची."

"दोडक्याची भाजी," मी बादलीला सांगितलं. "जरा खारट होती."

मामा हसले.

असे काही शनिवार मीच ढवळलं, आणि पुढे खालच्या दोन फांद्यांना पालवी आली. मामांचे डोळेही बरे झाले आणि काठी त्यांच्याकडे परत गेली. मला खरंच वाईट वाटलं. शनिवारी डबा धुताना अजून वाटतं, आजची भाजी सांगायची राहिली.