टीव्हीला लावलेलं कुंकू

"हे पोरगी मुकी आहे का व?"

नागपुरेकाकूंनी मोठ्या आईच्या कानात विचारलं. (काकू कानात बोलल्या की रस्त्यावरचा ऑटो थांबतो.) मी पाण्याचा ट्रे घेऊन त्यांच्याच पुढ्यात उभी होते.

"मुकी नाही व, इंग्लिश मिडियमची आहे," मोठी आई म्हणाली.

दोन्हीत फारसा फरक नसावा अशी मान हलवून काकूंनी ग्लास उचलला.

नोकरीसाठी मी गोंदियात आले आणि शहरालगतच्या कुडव्याला मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे, राहू लागले. तेव्हापासून ही माझी ख्याती आहे. पहिल्याच आठवड्यात मी भाजीवाल्याला विचारलं होतं, "आपल्याकडे कोथिंबीर उपलब्ध आहे का?" तो अजून माझी वाट बघतो, गिऱ्हाईक म्हणून नव्हे, करमणूक म्हणून. त्यानंतर मी भाजी बोटाने दाखवून आणू लागले. ऑफिसात मी कॉम्प्युटरसमोर असते, आणि तोसुद्धा पासवर्डपलीकडे काही विचारत नाही. घरी मोठे बाबा पेपरच्या पलीकडे असतात.

दिवसभरात कुणाच्या सोबत असण्याचा अर्धाच तास होता, संध्याकाळच्या मालिकेचा. मोठी आई आणि मी एकाच चादरीत पाय घालून बसायचो. बोलायचं काम तिचं, तेही टीव्हीतल्या माणसांशी. ("तिकडं नको जाऊ रे, थो बदमाश हाये!") माझं काम फल्लीदाण्यांची, म्हणजे शेंगदाण्यांची, वाटी तिच्याकडे सरकवायचं. दिवसभरात तेवढं एकच काम मला जमायचं, आणि तेवढंच आवडायचं.

मालिका होती मास्तरांवर. (खरं नाव सांगत नाही; मला अजून याच गल्लीत राहायचं आहे.) गावच्या तळ्यावर सगळ्यांना पाणी भरू द्या म्हणून लाठ्या खाल्लेले, तुरुंगात गेलेले मास्तर. मोठे बाबा निवृत्त हेडमास्तर. मास्तरांच्या जयंतीला दरवर्षी भाषण करतात, दरवर्षी तेच. मालिका त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण तळ्यावरच्या मोर्चाचा भाग लागणार म्हटल्यावर अख्ख्या गल्लीला बोलावणं गेलं. टीव्ही पुसला. झेंडूचा हार घातला. नारळ फुटला.

"पोरी, टीव्हीले कुंकू लाव," मला हुकूम झाला.

आता टीव्हीचं कपाळ कुठे असतं? पडद्यावर लावलं तर ते मास्तरांच्या नाकावर आलं असतं. खालच्या पट्टीवर मात्र अगदी मधोमध एक बारीक काळा ठिपका होता. जणू जागा राखूनच ठेवलेली! मी तिथे ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

भाग सुरू झाला. सगळ्यांनी हात जोडले. पण मोर्चा कुठेच दिसेना. मोर्चाची आदली संध्याकाळ होती, आणि मास्तर जेवायला बसले होते. त्यांनी एक घास घेतला, "मीठ किती?" म्हणून गरजले आणि भरलं ताट भिरकावलं!

जोडलेले हात तसेच राहिले.

"हे काय दाखवून राहिले जी?" काकू म्हणाल्या.

"आमचे मास्तर असे नव्हते!" मोठे बाबा कडाडले.

"तुम्हाले काय माहीत?" मोठी आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही काय त्यांच्या घरी भांडे घासाले होते?"

कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाबांनी रिमोट उचलला. टीव्ही बंद होईना. त्यांनी रिमोट झटकला, तळहातावर आपटला, शेवटी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात घातले. घड्याळ थांबलं, मास्तर थांबले नाहीत. आता ते मुलीवर ओरडत होते!

"अरे, पीछे से बंद करो ना!" शेजारचे किराणावाले.

"मागचं बटन हाराखाली दबलं!"

"मंग वायर खेचा!"

वायर दिवाणामागे होती आणि दिवाणावर पाच बायका.

मला एव्हाना सगळं कळलं होतं. त्या काळ्या ठिपक्यातूनच टीव्हीला रिमोट दिसतो, आणि मी नेमकं त्याच्या डोळ्यावर कुंकू थापलं होतं. ओढणीच्या टोकाने पुसलं की काम झालं. पण भरल्या घरात, पाच सवाष्णींसमोर, दिवेलागणीला कुंकू पुसायचं? निदान सांगावं तरी. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत आणलं. त्यातही 'उपलब्ध' आलं. मी ते सोडून दिलं.

पडद्यावर मास्तर मागच्या अंगणात जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी हजारो लोकांपुढे बोलायचं होतं त्यांना. आणि इथे बायको दारात येऊन उभी राहिली, तर 'चुकलं माझं' एवढं म्हणायला ओठ उघडेनात. उघडायचे, मिटायचे. एवढा मोठा माणूस, आणि हुबेहूब मी!

तेवढ्यात मोठ्या बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरला आणि मास्तरांची अब्रू झाकायला टीव्हीसमोर आडवे उभे राहिले.

"उद्यापासून ही मालिका या घरात बंद!"

मोठ्या आईने फल्लीदाण्यांची वाटी खाली ठेवली. मला तो आवाज मघाच्या ताटापेक्षा मोठा वाटला.

दुपट्ट्यामागून मास्तरांचा खाकरण्याचा आवाज आला. ते बोलणार होते!

मी उठले. माझा धक्का लागून ट्रेमधले ग्लास किणकिणले आणि सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. माझ्या मनात भाषण तयार होतं. थोर माणसंही घरी चुकतात, म्हणून तर आपल्याला त्यांच्या शेजारी बसावंसं वाटतं. नाहीतर हार घालून लांबच उभं राहावं लागलं असतं. फार सुंदर भाषण होतं. शिवाय त्यात एकही 'उपलब्ध' नव्हतं. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ओरडले,

"मोठे बाबा, सरका न जी थोडे! काही दिसून नाही राहिलं!"