जागेपणी पाहिलेले अकरा सिनेमे

बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, पोथीचं पारायण करा, मन रमेल. मी तिसरी शिकलेला. एक ओळ लावेपर्यंत समईतलं तेल संपतं. मी म्हटलं, पोथी नको, मी सिनेमे बघणार. बक्षीस मिळालेले. अकरा.

म्हातारा फिरला, असं लोकांना वाटलं. वाटू दे.

चाळीस वर्षं मी झेंडू पिकवला आणि पहाटे तीनला उठून नाशिकच्या फुलबाजारात नेला. बायकोला सिनेमाचं लय वेड. महिन्यातून एकदा थेटरात जायचंच. मी तिकिटं काढायचो, खुर्चीत टेकायचो आणि नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपायचो. मारामारी होवो, रडारड होवो, मला पत्ता नाय. एकदा बक्षिसाचा सिनेमा लागला होता. त्यात असा घोरलो की पुढच्या रांगेतला माणूस भांडायला उठला. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, एक तरी सिनेमा माझ्यासंगं बघा हो."

मी हो म्हटलं. बघितला नाही. ती गेली.

आता तिच्यासंगं बघणं नाही. पण मला जागं राहता येतं का, एवढं तरी बघायचं होतं. नाही आलं असतं तर मी तोंड कुठं दाखवणार होतो, मलाच ठाऊक.

मुलगी पिंपळगावला दिलेली आहे. तिनं येऊन टीव्हीत सिनेमे लावून दिले. म्हणाली, "आण्णा, यात गाणी नाहीत हां."

"नसू दे. गाण्यात कोणीही जागं राहतं."

नेम पारायणाचेच धरले. आंघोळ करून दुपारी पाटावर बसायचं, मधे उठायचं नाही. डोळा लागला तर तोच सिनेमा दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

पहिल्या सिनेमातच सहा दिवस गेले. त्यातला माणूस नुसता खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला कशाचं बक्षीस दिलं? जो जागा राहील त्याला द्यायला पाहिजे होतं. सातव्या दिवशी डोकं चाललं. टोपलीभर झेंडू घेतला आणि सुई-दोरा घेऊन हार ओवत बसलो. डुलकी आली की सुई बोटात. दोनदा रक्त निघालं, पण सिनेमा संपला. नऊ हात हार झाला. तो तिच्या फोटोला घातला, फोटो दिसेना.

मग सिनेमे मी हातावर मोजायला लागलो. दुसरा सात हातांचा, तिसरा आठ. पाचव्याला गंमत झाली. सिनेमा संपला आणि बघतो तर हार वीतभर. म्हटलं, झोपलो वाटतं. बोट बघितलं, रक्त नाय. गोष्ट आठवून बघितली, सगळी आठवली. हात थांबला होता, मी नाय. त्या दिवशी मी एकटाच हसलो, आणि मग थोडा रडलो.

मागच्या गल्लीत मेव्हणी राहते, बायकोची धाकटी बहीण. तिला काही पटेना.

"दाजी, तुम्ही अंतरपाटामागं पेंगत होता. तुम्ही कसला सिनेमा बघता?"

"अकरावा राहिलाय. येऊन बस समोर."

आली. सिनेमात एक बाई अडचणीपायी म्हैस विकते आणि चार दिवसांनी तिला परत आणायला पायी निघते. बोली कुठली कोण जाणे.

"ही काय म्हणतीय?"

"म्हशीशिवाय करमत नाय म्हणतीय."

"तुम्हाला ही भाषा येते?"

"म्हैस येते."

थोड्या वेळानं बघतो तर मेव्हणी भिंतीला टेकून घोरायला लागलेली. झोपेत ती थेट थोरलीसारखी दिसते. उठवायला हात पुढं केला आणि थांबलो. चाळीस वर्षं थेटरात बायकोनं मला एकदाही उठवलं नव्हतं. मी आवाज जरा बारीक केला आणि बारकाईनं बघायला लागलो. ही उठल्यावर विचारणार, कोण कुठं गेलं, काय म्हणालं. एक गोष्ट सुटता कामा नये. सुई तशीच फुलात खोचलेली राहिली.

शेवटची पाटी गेली आणि मी पाटावर उभा राहून ओरडलो, "झालं! अकरा झाले!"

मेव्हणी दचकली. "ओरडता काय? मी जागीच होते."

"मग सांग, म्हैस कोणाच्या दारात सापडली?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "सांगा ना, दाजी."

मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. नदी सांगितली, बाजार सांगितला, खोटं बोलणारा दलाल सांगितला. म्हशीचं हंबरणंसुद्धा काढून दाखवलं. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग ओळखलं का तिनं?" मेव्हणीनं विचारलं.

"कोणी? बाईनं का म्हशीनं?"

"अहो, लवकर सांगा, गॅसवर भाजी आहे माझी," शेजारीण म्हणाली.

"करपू दे," मी म्हटलं आणि पुढं सांगायला लागलो.